परक्याच्या लेकाचा भाकरतुकडा

आत्याबाई,

काल तुमच्या तेराव्याला माणसं पोट धरून हसली. पंगत बसली होती, गोडाचं वाढून झालं होतं, आणि कुणीतरी विषय काढला, "म्हातारीनं त्या भरे गावच्या जवानाला आपला ल्योक समजून ओवाळलं हुतं, आठवतंय का?" झालं! ज्यांनी पाहिलं होतं ते सांगायला लागले, ज्यांनी पाहिलं नव्हतं ते त्याहून जास्त सांगायला लागले. मला आधी राग आला. सासूच्या तेराव्याला हे कसलं खिदळणं? मग वाटलं, तुम्ही असता तर म्हणाला असता, "हसंनात का! रडून कुनाचं प्वाट भरलंय?" आणि मग मीच पदर तोंडाला लावून हसत बसले.

तुमच्याशी बोलायची सवय अजून सुटत नाही. आज सकाळी म्हशीची धार काढायला बसले आणि "आत्याबाई, चरवी आणा" अशी हाक मारून मोकळी झाले. कोण आणणार चरवी? उठून मीच आणली. म्हैससुद्धा दूध चोरतेय दोन आठवडे झाले. तिला माझा हात चालत नाही, हे तुम्ही आधीपासून सांगत होतात, आणि या एका बाबतीत तुमचं खरं होतं. सातवी पास सून आणली म्हणून घोटावडे गावभर मिरवलात ना? मग आता सुनेचं लिहिलेलं ऐकून घ्या. मध्ये बोलू नका.

मी कोळवणहून या घरात आले तेव्हा तुमचा लेक पलटणीतून रजेवर आला होता. रजा संपली, ते गेले, आणि मागे राहिलो आपण दोघी. मला तुमची भीती वाटायची. मामंजी जाऊन किती तरी वर्षं झाली होती, एकटीने भातखाचरं सांभाळून पोर वाढवलेली बाई तुम्ही, तुमच्या आवाजाने बांधावरचे बगळे उडायचे. वर्ष होत आलं आणि कळलं, पलटण आगबोटीत बसून काँगोला निघाली. काँगो कुठे आहे हे आपल्या गावात कुणाच्या बापाला ठाऊक नव्हतं. शाळेतल्या गुरुजींनी नकाशा पसरून दाखवलं. तुम्ही आपल्या देशापासून त्या देशापर्यंत हात टेकवून पाहिलात आणि म्हणालात, "वीतभर तर हाय. यील की." गुरुजींनी समजावलं, की तिथं आपापसांत लढाई पेटलीय आणि ती मिटवायला आपले जवान गेलेत. तुम्ही कपाळावर हात मारलात. "दुसऱ्याच्या घरातली भांडनं सोडवाया गेला व्हय! आन् हितं आमा दोगींची कोन सोडवनार?"

आपली भांडणं तरी कशाची होती, आत्याबाई? मीठ जास्त झालं, लाकडं ओली आणली, म्हशीला वेळेवर पाणी दाखवलं नाही. पण खरं भांडण एकच होतं, आणि ते आपण दोघी जाणून होतो. तुम्हाला त्यांच्यासाठी रडायची मुभा होती, मला नव्हती. आई लेकासाठी रडली की बायका जवळ बसतात, पाठीवरून हात फिरवतात. बायको नवऱ्यासाठी रडली की त्याच बायका पाणवठ्यावर जाऊन सांगतात, "काय बाई तरी, लाजलज्जा हाय का न्हाई!" तुम्ही भर अंगणात "माजा सोन्या गं" म्हणून गळा काढायच्या आणि मी आत चुलीपाशी बसून धुराने डोळे चुरचुरतात असं दाखवायची.

एकदा मात्र मला राहवलं नाही. कांडण चाललं होतं. मी म्हणाले, "ते माझेही कुणीतरी लागतात." तुम्ही मुसळ न थांबवता उत्तर दिलंत, "तुजा नवरा व्हायच्या आदी माजा ल्योक हाय त्यो." मीही हट्टी. म्हणाले, "तुमचा लेक म्हणून पलटणीने रजा नव्हती दिली. माझा नवरा व्हायचं होतं म्हणून दिली." म्हटलं, आता मुसळ माझ्या डोक्यात पडणार. ते पडलं, पण जमिनीवर. तुम्ही उखळाशेजारी बसून इतक्या हसलात की डोळ्यांतून पाणी आलं. संध्याकाळपर्यंत निम्म्या आळीला तुम्ही सांगून आला होतात, की आमची सून बोलाया लागली बरं का!

त्या दिवसापासून भीती गेली. भांडणं नाही गेली, ती वाढली. पण त्यांना चव आली.

मी तांदूळ निवडायला मुद्दाम उंबऱ्यावर बसायची. तिथून पिरंगुटाकडून येणारी वाट दिसते. सुपात बघावं आणि मधूनच मान वर करावी. तुम्ही गोठ्यातून ओरडायच्या, "इंदे, खडं सुपात हायेत का वाटंवर?" मी लाजून मान खाली घालायची. आणि दुसऱ्या दिवशी तुम्हीच डाळीचं सूप घेऊन माझ्याआधी उंबरा अडवून बसलेल्या असायच्या.

आणि पत्रं! यांचं पत्र यायचं ते "तीर्थरूप आईस". घरात वाचता येणारी मी एकटी. म्हणजे यांना पक्कं ठाऊक, की वाचणार मीच आणि ऐकणार तुम्ही. मग बिचारे काय लिहिणार? म्हैस व्याली का, भाताला पाऊस पुरला का, तुझे गुडघे कसे आहेत. शेवटी "घरातील सर्वांस सप्रेम". मी ते शेवटचं भराभर वाचून टाकायची. तुम्ही तिथंच अडवायच्या. "थांब थांब. घरातली सर्वं म्हंजी कोन गं? हितं मी हाय, तू हायेस आन् म्हस हाय. मला तर वर लिवलंय. मंग ह्ये म्हशीला लिवलंय व्हय?" आणि ते वाक्य माझ्याकडून पुन्हा वाचून घ्यायच्या. तेव्हा वाटायचं, सासू छळतेय. आता कळतं, की मला ते दोनदा ऐकायला मिळावं म्हणून चाललं होतं सगळं. की खरंच छळत होतात? तुमचं काही सांगता येत नाही.

मग लग्नानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात पत्रं थांबली. लावणी झाली, तण बेणून झालं, भात पोटरीला आलं, कागदाचा कपटा नाही. दुकानदाराच्या रेडिओवर सांगितलं, काँगोत पुन्हा तोंड लागलंय, आपले काही जवान कामी आले. नावं नाही सांगितली. त्यानंतर तुम्ही दुकानावर जायचं सोडलंत. गूळ संपला तर बिनगुळाचा चहा केलात, पण त्या रेडिओसमोर उभ्या राहिला नाहीत. आपलं भांडणही थांबलं. त्या घरातली ती शांतता आठवली तरी आजसुद्धा अंगावर काटा येतो. तुम्ही "मीठ कमी हाय" एवढं जरी म्हणाला असता, तरी मी देवाला नारळ फोडला असता.

दिवाळी उलटून गेली. भात झोडून झालं होतं. भरदुपारी मी अंगणात पाखडत होते, तुम्ही ओट्यावर पेंढ्या बांधत होतात. बांधावरून एक जवान येताना दिसला. खाकी कपडे, खांद्यावर वळकटी, एक हात गळ्यात बांधलेला.

हे ते नव्हेत, हे मला पहिल्या नजरेतच कळलं. माझा त्यांचा सहवास एका रजेपुरता, पण चालणं पाठ होतं. तुमचा लेक डावा खांदा पुढे टाकून चालतो, गर्दीतून वाट काढल्यासारखा. हा सरळ चालत होता. आणि मग दुसरा विचार मनात आला तसं हातातलं सूप सुटलं. आपला माणूस नाही, मग त्यांच्यासारखे कपडे घातलेला हा दुसरा आपल्या दाराकडे कशाला येतोय? धडधाकट माणूस आपल्या पायांनी घरी येतो. त्याच्या बदली दुसरा येतो, तो काय सांगायला येतो, हे मावळातल्या बायकांना शिकवावं लागत नाही.

एवढ्यात तुमचा आवाज आला. "थांब! थांब तितंच! पाऊल म्होरं टाकू नगंस!" तुम्ही पेंढी फेकलीत, आत पळालात, तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन बाहेर आलात. परगावाहून लेकरू आलं की उंबऱ्याबाहेर भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, वाटेतलं बरंवाईट वाटेतच ठेवायचं, ही तुमची रीत. मी काही म्हणणार तोच तुम्ही मला हाताने मागे सारलंत. "तू हितंच ऱ्हा." आणि तुरुतुरु अंगणाच्या कडेला गेलात. तुमचे ते दुखरे गुडघे त्या दिवशी कुठे गेले होते कोण जाणे.

तुम्ही त्याच्या पायांवर पाणी घातलंत. तुकडा त्याच्या तोंडावरून ओवाळलात. ओल्या बोटांनी डोळ्यांना पाणी लावलंत आणि टाचा उंचावून कानशिलापाशी काहीतरी पुटपुटलात. दृष्ट काढताना बायका पुटपुटतात तसंच, असं मला वाटलं. त्याचे ओठ हलले. तुम्ही तुकडा मोडून इकडे तिकडे फेकलात आणि एकदम हंबरडा फोडलात, "आला गं बाई! माजा सोन्या आला!" आणि त्या परक्या पोराला अशी मिठी मारलीत, की त्याचा मोडका हात दबला आणि तोही ओरडला.

आळी गोळा झाली. मी कशीबशी जवळ गेले. "आत्याबाई, अहो हे ते नव्हेत!"

"आं?" तुम्ही मागे सरून त्याच्याकडे पाहिलंत. "न्हवं? मंग ह्यो कोन म्हनायचा?"

"मावशी, म्या भऱ्याचा महादू," तो पोरगा दंड चोळत म्हणाला. "तुमच्या ल्योकाच्याच पलटनीतला. त्यो खुशाल हाय, वैनी. ट्रक उलाटला, माजा हात मोडला, म्हून मला म्होरं धाडलं. त्यानं शपत घातली हुती, आदी आमच्या घरी जायाचं, मंगच तुज्या. बाकी समदी पलटन पुडच्या उन्हाळ्यात येनार. कागदं कुटं आडाकली, द्येवाला ठावं."

बायका हसायला लागल्या. कुणी म्हणे म्हातारीला मोतीबिंदू झालाय, कुणी म्हणे आता रस्त्याने जाणाऱ्या पोलिसालाही ओवाळील. तुम्ही मध्यभागी उभ्या, हात हलवून सांगताय, "चुकलं बाई, चुकलं माजं!" आणि त्या सगळ्या गलक्यात मी कुडाला टेकून पोटभर रडले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा उघड्यावर रडले, आणि एकाही बाईचं माझ्याकडे लक्ष गेलं नाही.

महादूने वळकटीतून एक कापड काढलं. तुमच्या लेकाने पाठवलेलं, "आईसाठी". तिकडच्या बाजारातलं, हिरव्यावर नारिंगी फुलं, एकेक फूल ताटाएवढं. पांढऱ्या कपाळाच्या आईला असं कापड कोण पाठवतं? सोबत्यापुढे बायकोचं नाव घ्यायची लाज, दुसरं काय! सगळ्यांना कळलं. तुम्ही मात्र गंभीरपणे म्हणालात, "ल्योकानं आईला धाडलंय, आई नेसनार." आणि दुसऱ्या दिवशी ते खांद्यावरून पांघरून नदीवर धुणं धुवायला गेलात! नदीवरच्या बायका महिनाभर बोलत होत्या. मी हात जोडले, तेव्हा कुठे ते उतरलं. मग शिंप्याकडून माझ्या दोन चोळ्या आल्या, आणि तुम्ही म्हणालात, "मला गरम हुतंय त्ये."

महादूची आई भऱ्याहून तणतणत आली तेही आठवतं ना? "माज्या पोराची दिष्ट तुमी काडली, मंग मी काय काडू?" तुम्ही तिला आंबेमोहराचा भात आणि खेकड्याचं कालवण जेवायला घालून मैत्रीण करून टाकलंत. ती शेवटपर्यंत तुमच्याकडे येत राहिली.

पण मी काही ते प्रकरण सोडलं नाही. मी तुमच्याशी कितीदा वाद घातला, आत्याबाई! ओट्यावरून म्हशीच्या कानातली गोचीड दिसायची तुम्हाला. बांधाच्या बिळातला खेकडा नर की मादी ते वरून सांगायच्या. आणि भरदुपारी पोटचा लेक ओळखता आला नाही? तुम्ही प्रत्येक वेळी तेच सांगायच्या, "चुकलं माजं. वय झालं." इथेच मला संशय यायचा. मीठ, लाकडं, म्हैस, पाऊस, कशातही तुम्ही कधी चुकला नाहीत. सगळ्या आयुष्यात कबूल केलेली चूक ही एकच, आणि तीही इतक्या खुशीने!

उन्हाळ्यात तुमचा लेक खरंच आला. तुम्ही तांब्या-भाकरी घेऊन अंगणात उभ्या राहिलात, त्यांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलंत आणि सगळ्या गावादेखत विचारलंत, "नीट सांग, तूच हायेस न्हवं?" हशा पिकला. मी आत औक्षणाचं ताट हातात घेऊन उभी, आणि हसण्याने निरांजन विझेल म्हणून पदर आडवा धरलेला. असा आनंद पुन्हा झाला नाही. पोरं झाली, पलटणीतून नाव कमी करून हे घरी आले, तेव्हाही झाला; पण तसा नाही.

तुम्ही अंथरूण धरलंत तेव्हा मी पुन्हा विचारलं. पेज भरवत होते. म्हटलं, आता तरी सांगा, ओळखलं होतं की नव्हतं? तुम्ही डोळे मिटून घेतलेत. "इंदे, तुला दुसरं काय काम न्हाई का?" आणि ओठ मिटून हसलात.

मला तुम्हाला एक सांगायचं होतं, ते राहूनच गेलं. ती दोन वर्षं मला त्यांची आठवण फार आली, पण मी एकटी कधी नव्हते. लोक म्हणतात, सासूने सुनेला सांभाळलं. सांभाळलं कसलं? तुम्ही माझ्याशी भांडलात, मला चिडवलंत, हसवलंत, सारखं गुंतवून ठेवलंत. माझं तुमच्यावर फार प्रेम होतं, आत्याबाई. असं कुणी तोंडावर म्हणतं का आपल्यात? म्हणायला हवं होतं.

काल पंगत उठल्यावर महादू माझ्याजवळ आला. आता चांगला पोटसुटा झालाय, दोन पोरांचा बाप आहे. सगळ्यांबरोबर तोही हसला होता, स्वतःच्या हाताची नक्कल करून दाखवली होती. मागच्या पडवीत मी खरकटं काढत होते. तो खाली बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "वैनी, एक सांगू का? म्हातारीनं शपत घातली हुती, मी हाय तवर बोलू नगंस म्हून. तिनं मला वळखलं हुतं."

मी हात थांबवला.

"तुकडा ओवाळला न्हवं, तवा माज्या कानात म्हनली, 'पोरा, तू माजा न्हाईस, ठावं हाय मला. वाईट असंल तर हितंच सांग, माज्या एकलीच्या कानात. तिच्याम्होरं बोलू नगंस. सकाळधरनं तिच्या पोटात घास न्हाई.' म्या म्हनलं, 'समदं बरं हाय, मावशी.' तवा कुटं रडली ती."

तो गेला. मी तिथंच बसून राहिले. बाहेर माणसं अजून तीच गोष्ट सांगून हसत होती, आणि मी त्यांना थांबवायला गेले नाही. भांडण तुम्ही जिंकलात, आत्याबाई. मी म्हणत होते तेच खरं निघालं, तरी तुम्हीच जिंकलात.

कालपासून मी एवढाच विचार करतेय. बातमी वाईट असती तर? तुम्ही ती कानात घेतली असती, तुकडा फेकला असता, डोळ्यांतून टिपूस न काढता तसंच चालत आत आला असता, आणि मला म्हणाला असता, "इंदे, ताट घे. आदी जेवून घे."